जबाबदारी गावाची, तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे

तानसा नदीच्या खोऱ्यातील गणेशपुरी हे भिवंडी तालुक्यातील एक लहानसे गाव. मुंबईपासून ते सुमारे ८० किलोमीटरवर आहे. स्वामी नित्यानंद १९३६ च्या सुमारास येथे स्थिरावले आणि ८ ऑगस्ट १९६१ रोजी समाधिस्थ झाले. त्यांच्या समाधीमुळे, भीमेश्वराच्या देवळामुळे आणि गरम पाण्याच्या कुंडांमुळे या गावाचे नाव दूरदेशी पोहोचले. लगतच अकलोलीची कुंडे आहेत आणि चिमाजी अप्पांच्या १७३९ मधील वसईविजयाशी जिचे नाव जोडले जाते त्या वज्रेश्वरीचे मंदिर आहे. या साऱ्या पट्ट्यातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ यात्रेकरूंवर चालतो. हार-नारळाचे दुकान, खानावळ, भाड्याच्या खोल्या, रिक्षा या व्यवसायांना गिऱ्हाईक मिळते ते देवदर्शनाच्या निमित्ताने.

मार्च २०२० मध्ये हे निमित्तच नाहीसे झाले. टाळेबंदीत राज्यातील धार्मिक स्थळे बंद झाली, ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळी पाडव्याला उघडली. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि त्या वर्षी ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, खुली झाली. सुमारे १९ महिन्यांच्या या कालखंडात जवळजवळ १४ महिने देवळांची दारे मिटलेली होती. चैत्र अमावास्येची वज्रेश्वरीची जत्रा आणि गुरुपौर्णिमा हे या पट्ट्याच्या कमाईचे दिवस दोन्ही वर्षी या बंदीच्या काळातच आले. रोगप्रसार रोखण्यासाठी हे आवश्यक होते याविषयी वाद नाही. प्रश्न वेगळा आहे. ज्या आपत्तीने गावाचे उत्पन्न हिरावून घेतले, त्याच आपत्तीशी मुकाबला करण्याची जबाबदारीही गावाच्या पंचायतीवर आली. ती पार पाडण्यासाठी पंचायतीच्या हाती काय होते?

कायद्यातील गाव

साथीच्या काळात शासनाने ज्या कायद्यांचा आधार घेतला ते दोन. एक १८९७ चा साथरोग कायदा आणि दुसरा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. त्यांपैकी पहिला मुंबई-पुण्यातील प्लेगच्या धामधुमीत परकी सरकारने घाईघाईने केलेला. प्रजेच्या घरात शिरण्याचा आणि माणसाला उचलून नेण्याचा अधिकार अधिकाऱ्याला असावा, एवढाच त्यामागील हेतू. पुण्यात त्याच अधिकाराचा जो वापर झाला त्याची परिणती २२ जून १८९७ च्या रँडवधात झाली, हे महाराष्ट्राला सांगण्याची आवश्यकता नाही. दुसऱ्या कायद्याची मांडणी राष्ट्र, राज्य आणि जिल्हा अशी तीन पायऱ्यांची आहे. जिल्हाधिकाऱ्याच्या खाली आपत्तीचा स्वतंत्र कारभारी तो कल्पीत नाही. सारांश, साथ ज्या ठिकाणी येते आणि जेथे तिला अडवावे लागते ते गाव या दोन्ही कायद्यांत आज्ञाधारक म्हणूनच येते.

याउलट आपल्या पंचायत राज्याची कागदोपत्री परंपरा मोठी आहे. १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि पाणीपुरवठा ही पंचायतीची कर्तव्ये मानतो. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हा सत्तेच्या विकेंद्रीकरणाचा पाठ महाराष्ट्राने देशाला घालून दिला अशी आपली समजूत होती आणि ती निराधारही नव्हती. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय नमूद केले. रुग्णालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे त्या यादीत आहेत. परंतु यादीत विषय असणे आणि तो विषय चालवण्यासाठी माणसे व पैसा मिळणे यांत फार अंतर असते. महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत आहे. त्यातील डॉक्टर किंवा परिचारिका गावच्या सरपंचाला उत्तरदायी नाही. आशा सेविका गावातीलच असते, पण तिचे मानधन वरून ठरते.

व्याजही गावाचे नाही

साथीत सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका आणि आशा यांच्या ग्रामसमित्या स्थापन झाल्या. बाहेरून आलेल्यांची नोंद करणे, शाळेत विलगीकरणाची सोय करणे, घरोघर तपासणी करणे, फवारणी करणे, अडलेल्या कुटुंबांपर्यंत शिधा पोहोचवणे ही कामे त्यांच्याकडे आली. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेचा भार पुन्हा याच मंडळींनी वाहिला. राज्यातील सुमारे ७० हजार आशा सेविकांना अखेर १५ जून २०२१ पासून संप करावा लागला, तेव्हा कोठे त्यांच्या मासिक मोबदल्यात १,००० रुपये आणि कोविड भत्ता म्हणून ५०० रुपये, अशी १,५०० रुपयांची वाढ पदरात पडली. राष्ट्रावरील संकटात आघाडीवर लढणाऱ्या स्त्रियांच्या श्रमाची बाजारभावाने नव्हे, तर उपकारभावाने किंमत ठरवणारी ही व्यवस्था आहे.

निधीच्या बाबतीतही हेच घडले. २०२० मध्ये १४ व्या वित्त आयोगाच्या अनुदानावर ग्रामपंचायतींच्या खात्यांत साठलेले व्याज जिल्हा परिषदेकडे जमा करावे आणि त्यातून ‘आर्सेनिक अल्बम ३०’ या होमिओपॅथिक गोळ्या ग्रामीण जनतेला वाटाव्यात, असे ग्रामविकास विभागाने ठरवले. त्या गोळ्यांच्या उपयुक्ततेचा वाद क्षणभर बाजूला ठेवू. अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, एखाद्या गावाला त्या पैशातून प्राणवायूची मात्रा मोजणारी यंत्रे हवी असतील, दुसऱ्याला रुग्णवाहिकेचे डिझेल हवे असेल, तिसऱ्याला मजुरांसाठी धान्य हवे असेल, ही शक्यताच त्या निर्णयात धरलेली नव्हती. गावाची गरज गावापेक्षा मंत्रालयाला अधिक कळते, या गृहीतकावर तो उभा होता.

१५ व्या वित्त आयोगाचा अनुभव संमिश्र आहे. २०२१ ते २०२६ या काळासाठी त्याने स्थानिक संस्थांना ४,३६,३६१ कोटी रुपयांची शिफारस केली आणि त्यांतील ७०,०५१ कोटी, म्हणजे सुमारे १६ टक्के, आरोग्यासाठी राखले. स्थानिक संस्थांच्या मार्फत आरोग्यावर खर्च करण्याचा हा विचार साथीनेच सुचवला असावा आणि तो स्वागतार्ह होता. पण ग्रामीण संस्थांच्या मूळ अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बांधून ठेवण्यात आली. पाणी व स्वच्छता महत्त्वाची नाहीत असे कोण म्हणेल? तथापि आपत्ती आपले स्वरूप आधी कळवून येत नाही. म्हणून पंचायतीच्या हाती काही मोकळा पैसा असणे हीच आपत्कालीन तयारीची पहिली अट आहे.

यात्रेच्या गावाचा हिशेब

गणेशपुरीसारख्या गावाची अडचण याहून एक पाऊल पुढे जाते. अनुदानाच्या वाटपात लोकसंख्येला सर्वाधिक वजन असते आणि ही लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची. २०२१ ची जनगणना महामारीनेच लांबवली. पण जनगणनेत मोजली जातात ती गावात राहणारी माणसे. यात्रेच्या दिवशी उतरणारी माणसे पाणी पितात, कचरा टाकतात, शौचालये वापरतात आणि साथीच्या दिवसांत रोगही आणू किंवा नेऊ शकतात. त्यांच्यासाठी या अनुदानात पंचायतीला अधिक काही मिळत नाही. यात्रेकरूंवर कर बसवण्याची मुभा अधिनियमात आहे. परंतु साथीत यात्राच नसेल तर तो कर कोठून येणार? घरपट्टी-पाणीपट्टीचा आधार घ्यावा, तर ज्याची खानावळ महिनोन्‌महिने बंद आहे त्याच्याकडे वसुलीला जाणे व्यवहार्यही नाही आणि न्याय्यही नाही.

देवस्थानाने होणारा लाभ मोठ्या परिसराला मिळतो, त्याचा भार मात्र एका पंचायतीवर पडतो. लाभ एकाचा आणि खर्च दुसऱ्याचा, असा प्रकार असला की ती सेवा आवश्यकतेपेक्षा कमी प्रमाणात पुरवली जाते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक सिद्धांत आहे. तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आले. शहर आणि त्याच्या पाठीशी असलेला ग्रामीण मुलूख यांचे नाते असे जुने आहे. रोगाच्या बाबतीत ते अधिकच घट्ट ठरते. मे २०२० च्या आरंभी भिवंडीहून गोरखपूरकडे श्रमिकांची रेल्वेगाडी सुटली आणि त्यापूर्वी व त्यानंतरही मुंबई-नाशिक महामार्गावरून माणसांचे तांडे पायी चालत राहिले, तेव्हा यंत्रमागाच्या शहराचे आरोग्य आणि आजूबाजूच्या खेड्यांचे आरोग्य वेगळे काढता येत नाही, हे सर्वांनी पाहिले. त्याच भिवंडीत शांतीनगरमधील एका मशिदीत प्राणवायूच्या खाटा घालून रुग्णांची मोफत सोय करण्यात आली होती. स्थानिक संस्थेला समाजाचा विश्वास जोडता आला तर साधनांची उणीव काही अंशी भरून निघते, हे त्यातून दिसते.

बक्षीस हे धोरण नव्हे

काही गावांनी याच तुटपुंज्या साधनांत नाव कमावले. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली गावकऱ्यांची पथके नेमून २०२१ च्या मे महिन्यात साथ आटोक्यात आणली. नांदेड जिल्ह्यातील भोसीने बाधितांची सोय शेतांवर करून संसर्गाची साखळी तोडली. सोलापूर जिल्ह्यातील घाटणे गावचा उल्लेख मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जनतेला उद्देशून केलेल्या भाषणात केला. या उदाहरणांवरून राज्य शासनाने जून २०२१ मध्ये कोरोनामुक्त गाव स्पर्धा जाहीर केली. प्रत्येक महसूल विभागात ५० लाख, २५ लाख आणि १५ लाख अशी तीन बक्षिसे होती. म्हणजे सहा विभागांत १८ बक्षिसे आणि एकूण ५ कोटी ४० लाख रुपये. राज्यात ग्रामपंचायती सुमारे २८ हजार आहेत. जिंकणारे गाव बहुधा तेच, जेथे नेतृत्व आणि एकोपा आधीपासून आहे. ज्या गावात पोपटराव पवार नाहीत त्या गावाच्या वाट्याला काय, या प्रश्नाला स्पर्धेपाशी उत्तर नसते. धोरणाची कसोटी सामान्य गावात लागते.

देशातील अन्य राज्ये या बाबतीत पाहण्यासारखी आहेत. केरळने १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेपासून प्राथमिक आरोग्य केंद्रे ग्रामपंचायतींकडे सोपवली. त्यामुळे २०२० मध्ये तेथील पंचायतींना सामुदायिक स्वयंपाकघरे उभारण्यासाठी परक्याच्या दारी जावे लागले नाही. ओडिशाने एप्रिल २०२० मध्ये सरपंचांना आपापल्या पंचायतक्षेत्रापुरते जिल्हाधिकाऱ्यांचे अधिकार दिले. महाराष्ट्रात त्याच वर्षी मुदत संपलेल्या हजारो पंचायतींवर प्रशासक कोणी नेमावेत, यावर वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका अखेर १५ जानेवारी २०२१ रोजी झाल्या. पुढे २०२२ नंतर अनेक जिल्हा परिषदाही काही वर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. लोकनियुक्त कारभाऱ्यावाचून आरोग्यव्यवस्था चालवण्याची सवय लागणे, हेही एक प्रकारचे दुखणेच आहे.

आक्षेप आणि उत्तर

अधिकार गावाला दिले तर गावगुंडाला मिळतील, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. २०२० मध्ये अनेक ठिकाणी रस्त्यांवर काटेरी फांद्या टाकून गावबंदी करण्यात आली आणि मुंबईहून परतलेल्या आपल्याच माणसांना वेशीवर अडवण्यात आले. ज्याच्यापाशी घर नाही, जात नाही, गट नाही, त्याचे हाल अधिक झाले. परंतु हा आक्षेप अधिकार न देण्याचे कारण होऊ शकत नाही. तो अधिकारांबरोबर हिशेब आणि उत्तरदायित्व देण्याचे कारण होतो. गावबंदी करणाऱ्यांना कायद्याने अधिकार दिला नव्हता. भीतीने दिला होता. जेथे नियम, पैसा आणि माहिती पोहोचत नाही तेथे भीतीच कारभार करते.

म्हणून पुढील साथ येण्यापूर्वी काही गोष्टी करणे अगत्याचे आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात आपत्कालीन आरोग्यनिधी असावा आणि त्यात राज्याने समान भर घालावी. त्याचा खर्च ग्रामसभेपुढे वाचून दाखवणे बंधनकारक असावे. अनुदानाच्या सूत्रात यात्रास्थळांच्या तरत्या लोकसंख्येला वजन मिळावे. गणेशपुरी, अकलोली आणि वज्रेश्वरी यांसारख्या एकमेकींना लागून असलेल्या गावांची संयुक्त आरोग्य समिती असावी आणि देवस्थानांच्या विश्वस्तांना तीत स्थान असावे. प्राथमिक केंद्रातील डॉक्टरने दर तिमाहीस ग्रामसभेला अहवाल द्यावा. आशा सेविकेला मोबदल्याऐवजी वेतन मिळावे. यांपैकी एकाही गोष्टीला घटनादुरुस्तीची आवश्यकता नाही. इच्छाशक्तीची आहे.

आज गणेशपुरीची कुंडे पुन्हा गजबजली आहेत, समाधीपुढे रांगा लागतात आणि त्या १४ महिन्यांची आठवण पुसट होत चालली आहे. माणसाने दुःख विसरावे हे स्वाभाविक आहे. शासनसंस्थेने मात्र ते विसरू नये, कारण तिची स्मृती म्हणजेच पुढच्या पिढीची तयारी. पुढच्या वेळी साथ वेशीवर येईल तेव्हा सरपंचाला वरच्या आदेशाची वाट पाहावी लागू नये आणि आदेश आला तर तो पाळण्याइतके पैसे त्याच्या पंचायतीच्या खात्यात असावेत. ही मागणी माफक आहे. सहा दशकांपूर्वी महाराष्ट्राने स्वतःच स्वतःला दिलेल्या आश्वासनाचीच ती आठवण आहे.