ग्रुप झाला, बैठक कुठाय?

दोस्तहो, भिवापूरची शिकलेली पोट्टी आता कुठं नाहीत? कोणी पुण्यात कॉम्प्युटरवर, कोणी नागपूरच्या बँकेत, कोणी नर्स, कोणी वकील, कोणी तलाठी. चांगलंच आहे. सगळ्यांच्या खिशात एक ग्रुप. नाव 'प्रोफेशनल्स'. सकाळी जयभीमचा फोटो, दुपारी कुठून तरी फिरून आलेली नोकरीची जाहिरात, रात्री कोणाला बढती मिळाली म्हणून पन्नास टाळ्या. वर्ष उलटतं, पण चार माणसं एका सतरंजीवर बसत नाहीत.

मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत माल उचलतो, कविता लिहितो. अशाच एका ग्रुपात मला घ्यायचं का, यावर खल झाला म्हणे. गोदीतला हमाल प्रोफेशनल कसा? मी विचारतो, काऊन नाही? भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं. सातऱ्यावर दिवसभर तिचे देठ खुडून जिची बोटं रात्रभर जळतात, त्या मायला कोणतं मानांकन? पेशा कामावरून ठरतो, गळ्यातल्या ओळखपत्रावरून नाही.

हे मी मनाचं सांगत नाही. आपल्या नोकरदारांची मोठी बांधणी, बामसेफ, 6 डिसेंबर 1978 ला दिल्लीत उभी राहिली. तिचं मूळ साहेबाच्या केबिनमध्ये नव्हतं. साठच्या दशकात पुण्यात संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत बुद्धजयंती आणि आंबेडकर जयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्या. तेव्हा आधी अडला तो दीनाभाना, चतुर्थ श्रेणीचा कामगार. शिकलेले कांशीराम त्याच्या बाजूनं उभे राहिले. कोण आधी उठला आणि कोण नंतर, हे नीट वाचा. खिशात फोन नव्हते. माणसं माणसांच्या घरी जात होती.

आणि तो सकाळचा जयभीम? तो आपल्याच जिल्ह्यातला. कामठीचे बाबू हरदास विडी कामगारांत राबले, 1937 ला विधिमंडळात निवडून गेले, 1939 ला पस्तिशीतच वारले. जयभीम त्यांनी रुजवला. एकानं 'जयभीम' म्हणायचं, दुसऱ्यानं 'बलभीम' म्हणून उत्तर द्यायचं, अशी मूळ कल्पना. म्हणजे समोर माणूस पाहिजे. आपल्या ग्रुपात पाचशे जयभीम पडतात, उत्तर कोणाचंच नाही.

भिवापूरवरून नागपूरला जाणारी छोटी रेल्वे 2019 ला ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. तिच्या बाकावर मास्तर, कारकून आणि मजूर आपोआप शेजारी बसत. आता आपोआप काही होत नाही. बसायचं ठरवावं लागतं.

काही ॲडमिन घाबरून ग्रुपला कुलूप लावतात. बोलेल तो फक्त ॲडमिन. त्यांना सांगा, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 1 मार्च 2021 ला स्पष्ट केलं आहे : दुसऱ्या सदस्याच्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, दोघांचा संगनमताचा इरादा दिसला पाहिजे. तेव्हा कुलूप काढा.

मग करायचं काय? महिन्याचा पहिला रविवार. जागा विहार, नाहीतर वाचनालय. तलाठ्यानं सातबारा समजावायचा. वकिलानं जात पडताळणीचे कागद पाहायचे. बँकवाल्यानं कंत्राटी पोरांच्या पीएफचा हिशोब काढून द्यायचा. कॉलेजवाल्यानं स्वाधारचा अर्ज भरून द्यायचा. सातऱ्यावरची बाई मजुरीचा दर सांगेल, तो आपण लिहून घ्यायचा. एक वही ठेवायची : कोणाचं काम, कोणी अंगावर घेतलं, झालं की नाही. ग्रुपवर एवढंच टाकायचं. आणि ज्याच्याकडे साधा फोन आहे, त्याच्या दारावर जाऊन थाप मारायची.

मी त्या रविवारी गोदीतून सुट्टी टाकून येतो. रोजी बुडेल, बुडू दे. सतरंजी कोण आणतो ते तेवढं ग्रुपवर कळवा.

जयभीम. उत्तर द्या.