प्रशिक्षक की पावणे?

18 नोव्हेंबर 2025 च्या रात्री ढाक्यात भारत बांगलादेशकडून 1-0 ने हरला. त्याआधी बांगलादेशने आपल्याला हरवलं होतं ते 2003 साली, तेव्हा मी जेमतेम शाळेत जायला लागलो होतो. शिट्टी वाजायच्या आतच आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर पहिला मेसेज पडला, 'खालिदला हाकला.' हा ग्रुप पावण्याच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या दहा-बारा जणांचा आहे. शिफ्टा आणि रात्रीचे कॉल सांभाळून आठवड्यातून एकदा आम्ही टर्फवर धापा टाकायला जमतो. चहा कुठे प्यायचा यावर आमचं अर्धा अर्धा तास एकमत होत नाही. हाकलण्यावर चार मिनिटांत झालं. खालिद जमील त्या पदावर येऊन तेव्हा साडेतीन महिने झाले होते.

आमच्या गावाचं नाव पावणे. कोल्हापूरकडे पाहुण्याला पावणा म्हणतात, त्यावरून नव्या माणसाला ऑफिसात एक विनोद ऐकावाच लागतो. पण भारतीय फुटबॉलमधल्या प्रशिक्षकाला याहून नेमका शब्द मला सापडत नाही. यायचं, पाणी प्यायचं, निघायचं.

'प्रशिक्षकाला वेळ द्या' म्हटलं की लोक फर्ग्युसनचं नाव घेतात. मी घेणार नाही. ते उदाहरण वापरून वापरून गुळगुळीत झालंय, आणि आपल्या घरात त्याहून चांगली दोन उदाहरणं आहेत.

पहिलं मुंबई एफसीचं. मुंबई सिटी नव्हे. आयलीगमधला तो जुना, पिवळ्या जर्सीचा, गरीब क्लब. खालिद जमील 2009 मध्ये त्याचा प्रशिक्षक झाला आणि सात मोसम राहिला. या सात मोसमांत मुंबई एफसी कधी जिंकली नाही आणि कधी खालच्या श्रेणीत घसरलीही नाही. कॉलेजात असताना मी सीएसटीवरून चालत कूपरेजला जायचो. सुंदर खेळ बघायला तिथे कुणी येत नसे. बचाव, लांब पास, 0-0, आणि स्टँडमध्ये 'याला काढा' म्हणणारे आम्ही मूठभर शहाणे. मीही म्हणायचो, हे कबूल करून टाकतो.

2016 मध्ये हा संसार मोडला. पुढच्याच मोसमात मुंबई एफसी दहा संघांत दहावी आली. नव्या प्रशिक्षकालाही मोसम पुरा करू दिला नाही, मध्येच तिसरा आणला. संघ घसरला आणि थोड्याच दिवसांत क्लबचं दुकानच बंद झालं. त्याच मोसमात खालिद मिझोरमला, ऐझॉलला गेला होता. ऐझॉल आदल्या वर्षी घसरलेला संघ. गोव्याच्या क्लबांनी लीग सोडली म्हणून त्याला परत घेतलं होतं. 30 एप्रिल 2017 ला शिलाँगमध्ये 1-1 अशी बरोबरी साधून ऐझॉल भारताचा विजेता झाला. त्या संघात जयेश राणे होता, आशुतोष मेहता होता. दोघेही आधी मुंबई एफसीकडून खेळलेले. सात वर्षं मुंबईने दिली, करंडक ऐझॉलला गेला.

यावर ग्रुपमधला एक म्हणतो, 'मग लोबेराचं काय? त्याने पहिल्याच वर्षी मुंबई सिटीला दोन्ही किताब दिले की.' प्रश्न रास्त आहे. सर्जिओ लोबेरा 2020 मध्ये मुंबई सिटीत आला, 2020-21 मध्ये लीग शिल्ड आणि फातोर्ड्याला बिपिन सिंगच्या नव्वदाव्या मिनिटाच्या गोलवर आयएसएलचा करंडक, दोन्ही जिंकून गेला. झटपट यशाचं याहून चकचकीत उदाहरण नाही. फक्त तो एकटा आला नव्हता. मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बूमू, आपला मंदार राव देसाई, असा गोव्यात घडलेला संघाचा कणाच त्याच्याबरोबर आला. हा कणा त्याने एफसी गोव्यात 2017 पासून घडवला होता आणि गोव्याने जानेवारी 2020 मध्ये त्याला काढलं होतं. तेव्हा संघ तळाला नव्हता, पहिल्या क्रमांकावर होता! मुंबईचं 'पहिलं' वर्ष खरं तर लोबेराचं चौथं होतं. आधीच्या तिघांचा पगार गोव्याने भरला.

म्हणून 'प्रशिक्षकाला वेळ देणं' म्हणजे त्याच्यावर दया करणं असं जे आपण समजतो, ते मला मान्य नाही. तो वेळ कुणीतरी देतंच. प्रश्न इतकाच, की पीक आलं तेव्हा शेत कुणाच्या नावावर होतं.

मुंबई सिटीला हे एकदा कळलं होतं. पहिल्या सहा मोसमांत चार प्रशिक्षक करून झाले होते, नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर पीटर रीड आणि अनेल्का यांचं एकेक वर्ष आम्ही पाहिलं. पण लोबेरानंतर आलेला डेस बकिंगहॅम 2021-22 मध्ये पाचवा आला, विजेता संघ प्लेऑफलाही पोचला नाही, आणि तरी क्लबने त्याला ठेवलं. त्या पडत्या मोसमाच्या मध्यात त्याने चेन्नईयिनकडून छांगटेला आणलं होतं. पुढच्या मोसमात संघ पहिले 18 सामने हरला नाही, 20 सामन्यांत 46 गुणांचा विक्रम करून शिल्ड जिंकला, आणि छांगटे लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पाचव्या क्रमांकावर बकिंगहॅमला हाकलला असता तर हे सगळं पुढच्या माणसाच्या खात्यावर गेलं असतं, किंवा झालंच नसतं.

'पण प्रशिक्षक बदलल्यावर निकाल सुधारतात, हे डोळ्यांनी दिसतं,' हा दुसरा आक्षेप. दिसतं खरं. बास तेर वेल या डच अर्थतज्ज्ञाने नेदरलँड्सच्या लीगमधले 1986 ते 2004 या काळातले प्रशिक्षकबदल तपासले. हकालपट्टीनंतर संघ सावरले होते. पण तशाच घसरणीत ज्यांनी प्रशिक्षक ठेवला, तेही तसेच सावरले होते. आपण माणसाला काढतो ते तो सगळ्यात खाली असताना, आणि तिथून बहुतेक वेळा वरच जायचं असतं. माझ्या पहिल्या कंपनीत जुनी सिस्टीम नव्याने लिहिणाऱ्या टीम लीडला आठव्या महिन्यात बाजूला केलं. नवा लीड आला, अकराव्या महिन्यात तोच कोड लाइव्ह गेला, केक नव्याच्या नावाने कापला गेला. मीही खाल्ला.

आता जिथे मी अडखळतो ती जागा. इगोर स्टिमॅचला भारताने पाच वर्षं दिली. शेवटी मार्च 2024 मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून हरलो, विश्वचषक पात्रतेची पुढची फेरी हुकली, जूनमध्ये तो गेला. तो जायलाच हवा होता. म्हणजे नुसता वेळ हे औषध नाही. मग ठेवायचं कुणाला? मी धंद्याने बग मोजतो, म्हणून माझी कसोटी तीच. संघ जुन्याच चुकीने हरतोय की नव्या? नव्या चुका म्हणजे काहीतरी बदललंय. स्टिमॅचच्या पाचव्या वर्षी आपण पहिल्या वर्षीसारखेच गोलसमोर गारठत होतो. त्याच्यानंतर मानोलो मार्केझ आला, तोही एकीकडे गोव्याचा क्लब सांभाळत, आणि गोल होईनात म्हणून चाळिशीतल्या छेत्रीला निवृत्तीतून परत बोलावलं गेलं. याला पुनर्बांधणी म्हणत नाहीत, गळक्या छपरावर ताडपत्री म्हणतात.

खालिदच्या हातात काय पडलं ते बघा. आशियाई चषक पात्रतेचे दोन सामने होऊन गुण एक. देशाची लीग ठप्प. पहिल्याच स्पर्धेत त्याने ताजिकिस्तानला त्यांच्या घरी हरवलं, ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा आला. ऑक्टोबरमध्ये मडगावला छांगटेने आघाडी देऊनही सिंगापूरकडून 2-1 ने हरलो आणि आशियाई चषकाचं दार बंद झालं. मग ढाका. मडगावची हार त्याच्या खात्यावर टाका, माझी हरकत नाही. पण आता गमवायला पात्रता उरलेली नाही, म्हणजे तरुण पोरं खेळवायला याहून मोकळा काळ मिळणार नाही. तो नव्या प्रशिक्षकाची मुलाखत घेण्यात घालवायचा?

एवढं सगळं मी त्या रात्री ग्रुपवर टाइप केलं. दोन अंगठे आले. मग आमचा गोलकीपर, ज्याने गेल्या खेळात सात गोल खाल्ले होते, त्याने विचारलं, 'किती वेळ पण?' मी लिहिलं, लीग नीट सुरू झाल्यापासून दोन पूर्ण मोसम. त्यावर त्याने बराच वेळ काही लिहिलं नाही, आणि मग, 'मला पण?'