महापालिकेची मद्यतपासणी कुणासाठी?

महापालिका कामगारांसाठी मद्य व अमली पदार्थांच्या तपासणीचे नियम अद्ययावत करावेत, या मागणीस तत्त्वतः विरोध करण्याचे कारण नाही. बसचालक शुद्धीवर असावा, ही श्रमिक प्रवाशाचीच गरज आहे. मोटार वाहन अधिनियमाने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्काची मर्यादाही घालून दिली आहे.

प्रश्न आहे तो रीतीचा. तोंडाचा वास आणि अडखळती चाल एवढ्यावरून मद्यप्राशन सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच एका खटल्यात १९७१ साली स्पष्ट केले. मग मुकादमाच्या नाकावर कुणाची रोजी का ठरावी? लघवीत गांजाचे अवशेष कित्येक दिवसांनीही सापडतात. तो कामावरील नशेचा पुरावा नव्हे.

गटारात उतरणारा सफाई कामगार दारू का पितो, हे ती दुर्गंधी ज्याने एकदा घेतली त्याला सांगावे लागत नाही. संरक्षक साधनांविना माणूस गटारात उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली. तो कायदा पायदळी तुडवून श्वासतपासणीचे यंत्र तेवढे तत्परतेने आणणाऱ्या प्रशासनाला शिस्तीची भाषा शोभत नाही. कंत्राटी कामगाराची दशा तर याहून वाईट : ना चौकशी, ना अपील, ‘उद्यापासून येऊ नकोस’ एवढाच ठेकेदाराचा निवाडा.

म्हणून नव्या नियमांत रक्ततपासणीने खातरजमा, संघटनेच्या प्रतिनिधीची उपस्थिती आणि पहिल्या वेळी बडतर्फीऐवजी पगारी उपचाररजा असावी. ठेकेदारांची माणसे आणि वरिष्ठ अधिकारी, दोघांनाही ते सारखेच लागू व्हावेत.