चार टक्क्यांची घट आणि आपल्या लहान दुर्बिणी

दुर्बिणीतून लघुग्रह म्हणजे केवळ एक ठिपका. त्याला चंद्र असल्याचे बहुधा तेज मोजत राहिल्यानेच कळते. ओबडधोबड पिंड स्वतःभोवती फिरताना तेज कमीजास्त होतेच. पण त्या लयीहून निराळ्या कालावधीने हलकी घट येऊ लागली, तर ते ग्रहण: एक पिंड दुसऱ्याला झाकतो किंवा त्याच्या सावलीत शिरतो. चंद्राचा व्यास एकपंचमांश असेल तर ही घट जेमतेम चार टक्क्यांची.

डिडिमॉसचा चंद्र २००३ मध्ये असाच उमगला. २०२२ मध्ये ‘डार्ट’ यान त्यावर आदळल्यानंतर प्रदक्षिणाकाळ सुमारे ३३ मिनिटांनी घटल्याचेही जमिनीवरील प्रकाशमापनाने आणि रडारने दाखवले. मूळ काळ होता ११ तास ५५ मिनिटे. मला खरा महत्त्वाचा वाटतो तो हा आकडा. दोन फेऱ्या म्हणजे जवळजवळ एक दिवस! साहजिकच एका वेधशाळेला रोज रात्री कक्षेचा जवळपास तोच भाग दिसतो. उरलेला भाग दुसऱ्या रेखांशावरूनच टिपावा लागतो. चिलीत दिवस असतो तेव्हा लडाखच्या हानलेत रात्र असते.

आपल्याकडे चर्चा मात्र मोठ्या आरशांचीच होते. हानलेची ०.७ मीटरची ‘ग्रोथ-इंडिया’ हे काम करू शकते, पण तिच्यावर इतर कामांचाही भार आहे. विद्यापीठांतील लहान दुर्बिणींना एकाच लघुग्रहासाठी सलग दहा-पंधरा रात्री मिळाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. पावसाळा बुडतोच, निदान हिवाळा तरी वाया जाऊ नये.