दुरुस्ती परवडत नाही, की परवडू दिली जात नाही?

फोनची बॅटरी दुपारीच मान टाकू लागली किंवा हातातून निसटून काच तडकली, की चारचौघांचा सल्ला ठरलेला असतो : दुरुस्तीच्या नादी लागू नका, त्यात थोडी भर घाला आणि नवाच घ्या. सर्व्हिस सेंटरने सांगितलेला आकडा ऐकल्यावर हा सल्ला शहाणपणाचाही वाटतो. जोडीला एक्स्चेंज ऑफर असते, बिनव्याजी हप्ते असतात आणि ‘आजकालच्या वस्तू दुरुस्त करण्यासारख्या राहिल्याच नाहीत’ हे पालुपदही असते. कंपन्या हीच बाजू अधिक नेटकेपणाने मांडतात. ग्राहकालाच दर दोन-तीन वर्षांनी नवे हवे असते. फोन सडपातळ आणि जलरोधक हवा तर तो चिकटवून बंद करावाच लागतो. लिथियमच्या बॅटरीशी कोणीही खेळणे धोक्याचे आहे. आणि सुटे भाग सर्रास मिळू लागले तर चोरांचे फावेल. हा झाला पूर्वपक्ष. त्यातली काही विधाने अर्धी खरी आहेत. ‘नवा घेणेच परवडते’ हा निष्कर्ष तर आजच्या दरपत्रकावर पुष्कळदा अगदी बरोबर ठरतो. वाद आहे तो हे दरपत्रक कोणी लिहिले याचा. दुरुस्ती महाग, अवघड आणि जोखमीची असणे हा तंत्रज्ञानाचा स्वभावच आहे, असे आपण मुकाट्याने मानून चाललो आहोत. प्रत्यक्षात तो बहुतांशी विक्रेत्यांनी घेतलेल्या निर्णयांचा परिणाम आहे आणि म्हणूनच कायद्याने बदलता येण्याजोगा आहे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पहिला मुद्दा ग्राहकाच्या हौसेचा. ती खरी किती आणि लादलेली किती, हे तपासणारा एक प्रयोग जगाच्या बाजारात आपसूकच होऊन गेला आहे. बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतून कमी केला होता, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. फोन अचानक बंद पडू नये म्हणून असे केले, हे कंपनीचे स्पष्टीकरण तांत्रिकदृष्ट्या पटण्याजोगे होते. पण ते वापरणाऱ्याला आधी सांगितले गेले नव्हते. त्यामुळे ज्याला नवी बॅटरी पुरली असती, तो आपला फोनच म्हातारा झाला असे समजून बसला. ओरड झाल्यावर कंपनीने वॉरंटीबाहेरची बॅटरी बदलण्याचा अमेरिकेतील दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला आणि ही सवलत २०१८ अखेरपर्यंत ठेवली. पुढे २०२० मध्ये फ्रान्समध्ये अडीच कोटी युरोंचा दंड आणि अमेरिकी राज्यांशी ११.३ कोटी डॉलरची तडजोड झाली. या वादासाठी मात्र त्यापेक्षा मोलाचा दस्तऐवज आहे तो कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी २ जानेवारी २०१९ रोजी गुंतवणूकदारांना लिहिलेले पत्र. त्यात तिमाहीच्या उत्पन्नाचा अंदाज खाली आणताना त्यांनी मुख्य दोष चीनमधील मंदीला दिला. पण लोक नवा आयफोन घेण्याचे लांबणीवर टाकत आहेत, याची जी कारणे त्यांनी दिली, त्यांत स्वस्त झालेल्या बॅटरी-बदलाचाही उल्लेख आहे. ग्राहक तेच होते, त्यांची हौस तीच होती. फक्त दुरुस्तीचा दर उतरला आणि पुष्कळांनी जुना फोन ठेवून घेतला. ‘लोकांनाच नवे हवे असते’ या विधानाचे याहून मोठे खंडन एखाद्या ग्राहक चळवळीलाही करता आले नसते.

दुसरा मुद्दा रचनेचा. गोंदाशिवाय फोन जलरोधक होत नाही, असे ठामपणे सांगितले जाते. २०१४ चा सॅमसंग गॅलक्सी एस५ नखाने मागचे झाकण उघडून बॅटरी बदलता येणारा होता, आणि त्याला पाण्या-धुळीपासून संरक्षणाचे आयपी६७ मानांकनही होते. कष्टाच्या कामांसाठी त्याच कंपनीने काढलेल्या एक्सकव्हर मालिकेतही हे दोन्ही गुण एकत्र नांदतात. अशा रचनेने फोन किंचित जाड होतो, हे खरे. पण म्हणजे प्रश्न शक्य-अशक्याचा राहत नाही, एका मिलिमीटरच्या बदल्यात काय द्यायचे याचा होतो; आणि तो सौदा ग्राहकाला कधी विचारला गेलेलाच नाही. युरोपीय संघाचा २० जून २०२५ पासून लागू झालेला नियम या बाबतीत बराच समंजस आहे. त्याने रचना ठरवून दिलेली नाही, उत्पादकापुढे पर्याय ठेवले आहेत. एक तर बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता आली पाहिजे. ते नको असेल, तर फोन जलरोधक हवा आणि हजार वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीत मूळ क्षमतेच्या किमान ८० टक्के शिल्लक हवी. मग ती बदलण्याचे काम व्यावसायिक कारागिराकडे ठेवले तरी चालेल. बंद फोन विका, पण मग तो टिकवून दाखवा, असा त्याचा अर्थ. असा नियम पाळून फोन विकता येत असतील, तर ‘तंत्रज्ञानच आडवे येते’ या म्हणण्यात फारसे काही उरत नाही.

तिसरा मुद्दा सुरक्षेचा. हा सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्याला उत्तरही नीट द्यायला हवे. लिथियम-आयन बॅटरीला भोक पडले किंवा ती दुमडली तर पेट घेते, यात शंका नाही. पण हा धोका कोणत्या परिस्थितीत वाढतो? चिकटवलेली बॅटरी पात्याने खरवडून काढावी लागते तेव्हा. खेचून काढायची पट्टी आणि साधे स्क्रू असतील तर तेच काम कितीतरी निर्धोक होते. २०१६ साली गॅलक्सी नोट ७ पेट घेऊ लागला, तेव्हा दोष बॅटरीतच होता, कोणा गल्लीतल्या कारागिराचा नव्हता. आणि बॅटरी सुटी निघत नसल्यामुळे लाखो ग्राहकांकडून अख्खे फोन परत घ्यावे लागले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२१ मध्ये काँग्रेसला सादर केलेल्या अहवालात दुरुस्तीवरच्या निर्बंधांसाठी उत्पादक देत असलेली कारणे तपासली आणि त्यांना पुरेसा पुरावा नाही असा निष्कर्ष काढला. ‘बाहेरचे लोक डुप्लिकेट माल घालतात’ ही तक्रार याच मुद्द्याची जोड. ती खोटी नाही. पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत बसणाऱ्या कारागिराला ओरिजिनल डिस्प्ले विकायलाच कंपनी तयार नसेल, तर त्याने तो आणायचा कुठून? भिंगाखाली मदरबोर्डवरची एकच बिघडलेली आयसी बदलण्याचे कसब त्याच्यापाशी आहे. अधिकृत केंद्र मात्र पुष्कळदा अख्खा बोर्डच बदलायला सांगते. त्या कारागिराला सर्किटचा नकाशा द्यायचा नाही, सुटा भाग द्यायचा नाही आणि मग त्याचे काम कच्चे म्हणून हिणवायचे, हे पाय बांधून शर्यतीत उतरवायचे आणि वर मंद पळतो म्हणून हसायचे, असे झाले.

चौथा मुद्दा चोरीचा. आताच्या अनेक फोनमध्ये प्रत्येक भागाची ओळख सॉफ्टवेअरमध्ये नोंदलेली असते. त्यामुळे दुसऱ्या फोनमधला अस्सल भाग बसवला तरी सूचना झळकते किंवा एखादी सोय बंद पडते. २०२१ मध्ये आयफोन १३ ची काच बाहेर बदलली की चेहरा ओळखण्याची सोय बंद पडत असे. टीका झाल्यावर कंपनीला माघार घ्यावी लागली. चोरीचे फोन फोडून भाग विकणाऱ्यांना अशा कुलपामुळे आळा बसतो, हा युक्तिवाद निराधार नाही. पण त्यासाठी प्रामाणिक ग्राहकाचीही वाट अडवावी लागते का? ॲपलनेच एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले की काही नव्या फोनमध्ये वापरलेले अस्सल भाग बसवता येतील, आणि हरवल्याची नोंद असलेल्या फोनमधून काढलेले भाग मात्र अडवले जातील. म्हणजे चोर आणि मालक यांच्यात फरक करणारे कुलूप बनवता येते. ते बनवायला अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने मार्च २०२४ मध्ये अशा जोडबंदीविरुद्ध कायदा करण्याच्या सुमाराचा मुहूर्त लागला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

हे सारे परदेशातले खूळ आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल तर त्याने आपल्याच स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा निकाल वाचावा. भारतातल्या १४ मोटार कंपन्या सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे खुल्या बाजारात येऊ देत नव्हत्या. सुरक्षितता आणि बौद्धिक संपदा, ही दोन कारणे त्यांनी पुढे केली होती. आयोगाने ती फेटाळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि स्वतंत्र गॅरेजांना भाग व उपकरणे मिळाली पाहिजेत, असा आदेश दिला. प्रकरण नंतर अपिलांत आणि न्यायालयांत रेंगाळले, त्यामुळे निकालाचा धाक जितका बसायला हवा होता तितका बसला नाही. पण तत्त्व स्पष्टपणे मांडले गेले : वस्तू विकल्यानंतर तिच्या दुरुस्तीचा बाजारही आपल्याच मुठीत ठेवणे हा विक्रेत्याचा हक्क नाही. चारचाकीला लागू पडणारे हे तत्त्व खिशातल्या वस्तूला लागू न पडण्याचे कारण दिसत नाही.

खंडन इथवर. आता मंडन. दुरुस्तीचा हक्क म्हणजे प्रत्येकाने घरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसावे असे नव्हे. सुटे भाग रास्त दरात आणि ठरावीक वर्षे मिळणे, दुरुस्तीची माहिती आणि हत्यारे स्वतंत्र कारागिराला खुली असणे, सॉफ्टवेअरच्या आडून अडवणूक न होणे, आणि विकत घेण्यापूर्वीच वस्तू किती दुरुस्तीयोग्य आहे हे कळणे, एवढीच चार कलमे आहेत. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून फोन, लॅपटॉप अशा वस्तूंवर दहापैकी गुण छापणे सक्तीचे केले. युरोपीय नियमानुसार फोनची विक्री थांबल्यावरही सात वर्षे प्रमुख सुटे भाग आणि किमान पाच वर्षे सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या द्याव्या लागतात. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू केले, सप्टेंबर २०२४ मध्ये दुरुस्ती निर्देशांकासाठी दुसरी समिती नेमली, आणि २०२५ मध्ये तिचा अहवालही आला. फोन आणि टॅब्लेटचे गुण कंपनीने स्वतःच जाहीर करावेत, असे त्याचे सूत्र आहे. फ्रान्समध्येही गुण कंपनीच काढते, पण तिथे त्यामागे दंडाची तरतूद उभी आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने ग्राहकाचे सहा हक्क मोजून दिले. दुरुस्तीचा हक्क त्यांत नाही. पोर्टलवर सर्व्हिस सेंटरचा पत्ता सापडतो. सुटा भाग नाकारणाऱ्या कंपनीला जाब विचारण्याची सोय तिथे नाही.

यावर व्यवहारी आक्षेप असा की हा भार किमतीत उतरेल, आणि आपला बाजार स्वस्त फोनचा असल्यामुळे गरिबालाच तो सोसावा लागेल. हिशेब करून पाहू. समजा १५,००० रुपयांचा फोन अडीच वर्षांत टाकावा लागला, तर वर्षाला ६,००० रुपये पडले. तोच फोन कायद्यामुळे हजार रुपयांनी महागला, पण २,००० रुपयांच्या नव्या बॅटरीवर पाच वर्षे चालला, तर वर्षाला ३,६०० रुपये. महाग फोन घेणारा दुरुस्तीवाचूनही निभावून नेतो. ज्याचा फोन हेच त्याचे दुकान, बँक आणि मुलांची शाळा आहे, त्यालाच वस्तूचे आयुष्य वाढण्याची गरज अधिक आहे. दुसरा आक्षेप असा की बाजारच हे सोडवील, कायदा कशाला? बाजाराने काही केले, हे मान्य. २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ साठी आणि २०२४ मध्ये सॅमसंगने एस२४ मालिकेसाठी सात वर्षे सॉफ्टवेअर देण्याचे वचन दिले. पण ही उदारता महागड्या मालिकांपासून सुरू झाली, आणि तीही नियमांची चाहूल लागल्यावर. तिसरा आक्षेप पुनर्चक्रणाचा : जुना फोन गोळा करून धातू परत मिळवले की झाले. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यापैकी जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे. शिवाय फोनच्या एकूण कार्बनभारातला बहुतांश भाग तो बनवतानाच खर्ची पडलेला असतो. भट्टीत घालून तो परत मिळत नाही. आपल्या ई-कचरा नियमांचा मुख्य भर मात्र अजून पुनर्चक्रणावर, म्हणजे वस्तू मेल्यानंतरच्या व्यवस्थेवर आहे.

तेव्हा मागणी साधी आणि नेमकी असावी. दुरुस्तीचा हक्क ग्राहक संरक्षण कायद्यात सातवा हक्क म्हणून लिहावा. निर्देशांक सक्तीचा करून त्याची तपासणी आणि खोट्या गुणांसाठी दंड यांची तरतूद करावी. प्रमुख सुट्या भागांची किंमत आणि ते किती वर्षे मिळतील याची हमी फोनच्या खोक्यावर, कमाल किरकोळ किमतीशेजारी छापायला लावावी. शेवटची अट सर्वांत स्वस्त आहे आणि कदाचित सर्वांत परिणामकारकही. ज्याची काच बदलायला निम्मी किंमत मोजावी लागते तो फोन घ्यायचा की नाही, हे ग्राहकाला दुकानातच ठरवता येईल. त्यानंतरही ज्याला दर दोन वर्षांनी नवा फोन घ्यायचा असेल त्याने खुशाल घ्यावा. तो निर्णय त्याचा असेल, दरपत्रकाचा नसेल.