ताप नाही, तरी न्यूमोनिया? घरातल्या ज्येष्ठांबाबत हे चार प्रश्न विचारा

वळसंग हे दक्षिण सोलापूर तालुक्यातलं, सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचं गाव. सोलापूरचं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय इथून फार लांब नाही. तरीही अशा गावांत ज्येष्ठांचा न्यूमोनिया ओळखायला उशीर होऊ शकतो. कारण घरचे तापाची वाट बघतात आणि ताप येतच नाही.

लक्षणं वेगळी का असतात?

वय वाढलं की शरीराची जंतूंशी लढण्याची पद्धत मंदावते. त्यामुळे ताप कमी येतो किंवा येत नाही, खोकलाही जोरात नसतो. त्याऐवजी आजी अचानक असंबद्ध बोलू लागतात, जेवण सोडतात, तोल जाऊन पडतात. ‘वय झालंय’ म्हणून हे सोडून दिलं जातं आणि उपचाराचे मोलाचे तास निघून जातात.

गंभीरता कशी ठरते?

डॉक्टर ‘सीआरबी-६५’ ही सोपी मोजणी वापरतात. यात रक्त तपासणी लागत नाही. चार प्रश्न असतात:

• नव्याने गोंधळल्यासारखं वागणं आहे का?
• श्वास मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त आहे का?
• रक्तदाब वरचा ९० पेक्षा कमी, किंवा खालचा ६० वा त्याखाली आहे का?
• वय ६५ किंवा जास्त आहे का?

प्रत्येक ‘हो’ला एक गुण. म्हणजे पासष्टी ओलांडलेल्या रुग्णाचा एक गुण आधीच झालेला असतो. १ किंवा २ गुण असतील तर दवाखान्यात पाठवायचं का, याचा विचार होतो. ३ किंवा ४ असतील तर तातडीने भरती. श्वास घरीही मोजता येतो: रुग्ण शांत असताना पूर्ण एक मिनिट छाती किती वेळा वर येते ते बघा. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर असेल तर तोही लावा. आकडा ९४ च्या खाली राहत असेल तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

मेडिकलमधून गोळ्या आणल्या तर?

इथेच धोका आहे. लिव्होफ्लॉक्सॅसिनसारख्या गोळ्यांनी क्षयरोगही काही दिवस दबतो आणि त्याचं निदान लांबतं. म्हणून दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी हवीच. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. न्यूमोनियाचं औषध साधारण किमान ५ दिवस चालतं. बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करू नये. दोन-तीन दिवसांत फरक नसेल तर पुन्हा तपासणी करावी. ‘अशक्तपणा आहे, सलाईन लावा’ असा आग्रहही नको, हृदयविकार असलेल्यांना जास्तीचं पाणी त्रासदायक ठरतं.

खर्चाचं काय?

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान भारतमधून वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत कवच मिळतं. त्यासाठी कार्ड काढावं लागतं. पण ही योजना भरती झाल्यावरची आहे. बाह्यरुग्ण तपासणी तिच्यात येत नाही. न्यूमोकोकल लस सरकारी लसीकरणात बाळांना मोफत आहे, ज्येष्ठांना मात्र सहसा स्वतःच्या खर्चाने घ्यावी लागते.

म्हणजे आजार बळावल्यावर सरकार पैसे देतं, पण तो वेळेत ओळखण्याची जबाबदारी अजूनही घरच्यांवरच आहे. कार्ड आजच काढा आणि श्वास मोजायला शिका.