गाईला मिनरल मिक्श्चर, आणि घरधन्याला?

गाय वेळेवर माजावर आली नाही, किंवा दोन-तीनदा रेतन करूनही उलटली, तर आपण काय करतो? पशुवैद्यकाला बोलावतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, खायला काय घालता? नुसती कडबाकुट्टी म्हटले की तो मिनरल मिक्श्चर लिहून देतो, हिरवा चारा वाढवा म्हणतो. यात कुणाला लाज वाटत नाही. पारावर बसून चारचौघांत आपण ते बोलतो.

माणसाच्या बाबतीत मात्र सगळे उलटे. लग्नाला तीन-चार वर्षे झाली, पाळणा हलला नाही, की दोष थेट सुनेच्या माथी. गडीमाणसाला संबंधात अडचण असली तर तो बायकोलाही सांगत नाही. एस.टी. स्टँडच्या भिंतीवरचा नंबर टिपून घेतो आणि कापसाच्या पट्टीतले पैसे पुड्यांत घालवतो. शेतकरी बंधूंनो, मी शेतीखात्याचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण जमीन, पीक आणि ताट यांचा या विषयाशी संबंध आहे, आणि तेवढे सांगणे माझ्या कामात बसते.

जस्ताचेच घ्या. आपण त्याला झिंक म्हणतो. मूळचे बिहारमधील बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद इराणमध्ये काम करीत असताना त्यांच्याकडे खेड्यातले काही तरुण आले. वय विशीचे, पण अंगाने दहा वर्षांच्या पोराएवढे. दाढी-मिशी नाही, जननेंद्रियांची वाढ खुंटलेली. खाणे काय, तर गव्हाची बिनआंबवलेली रोटी. दूध, मांस जवळजवळ नाही. वर माती खायची सवय. १९६१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. पुढे इजिप्तमध्ये अशाच तरुणांच्या तपासण्या झाल्या, तेव्हा अंगात जस्त कमी असल्याचे दिसले. जस्त आणि चांगला आहार दिल्यावर काही महिन्यांत वयात येण्याच्या खुणा दिसू लागल्या, उंचीही वाढली. माणसालाही जस्ताची कमतरता भासते हे डॉक्टरी जगाला तिथून पटू लागले. आपले संत्रे-मोसंबीवाले मात्र जस्त कमी पडले की पान कसे बारीक आणि पिवळे होते, हे चांगले ओळखतात!

आता आपल्या रानाकडे या. देशातील मातीच्या तपासलेल्या नमुन्यांपैकी एकतृतीयांशाहून अधिक नमुन्यांत जस्त कमी आढळले आहे. आपल्या चुनखडीच्या भारी जमिनीत ते असूनही पिकाला मिळत नाही, कारण सामू जास्त. मातीत कमी, की दाण्यात कमी. दाण्यात कमी, की भाकरीत कमी. मृद आरोग्य पत्रिका घरात कुठेतरी खोचून ठेवलेली असेल, ती काढून जस्ताचा आकडा बघा. ०.६ पीपीएमच्या खाली असेल तर एकरी साधारण ८ ते १० किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून पेरणीआधी द्या. सुपर फॉस्फेट किंवा डी.ए.पी.मध्ये कालवू नका, दोन्ही वाया जातात. वाण निवडतानाही याचा विचार करता येतो. लोह-जस्त जास्त असलेली 'धनशक्ती' बाजरी २०१२ पासून आणि 'परभणी शक्ती' ज्वारी २०१८ पासून आली आहे. विकायला नको असेल तर घरापुरते चार तास तरी पेरा.

स्वयंपाकघरातले काम तर बिनपैशाचे आहे. धान्य-कडधान्यात फायटेट नावाचा घटक असतो, तो जस्त आणि लोह बांधून ठेवतो. मटकी, हुलगा, मूग भिजवून मोड आणले, पीठ आंबवून आंबील केली की तो कमी होतो. आपल्या आज्यांना फायटेट ठाऊक नव्हते, पण मोड आणणे ठाऊक होते. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. जे खातात त्यांनी अंडी, मटण, सुकट अधूनमधून घ्यावे. न खाणाऱ्यांनी तीळ, शेंगदाणे, दूध-दही सोडू नये.

म्हणून जस्ताच्या गोळ्या आणून खायला लागू नका. अमेरिकेत सुमारे २,४०० पुरुषांवर झालेली एक मोठी चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात जस्त आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्यांनी ना वीर्य सुधारले, ना मुले जास्त झाली. कमतरता असेल तिथेच भर घालायची, हे खताला लागू तसे इथेही.

आणि तंबाखू? पोषणाचे सगळे एकीकडे आणि दिवसाला चार पुड्या एकीकडे. तंबाखूने रक्तवाहिन्या आखडतात, वीर्यावरही परिणाम होतो. दारूचे तेच. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण कुठल्या टपरीवर मिळतो हे तुम्हालाही ठाऊक आणि मलाही.

बायांचे वेगळेच. राज्यात निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी. सगळ्यांचे झाल्यावर उरलेल्या कालवणात भाकरी बुडवून जेवणाऱ्या बाईला दिवसभराच्या खुरपणीनंतर काय उत्साह राहणार? वर तिच्याच नावाने खडे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाच्या बाजूनेही कारण असते. वीर्य तपासणी ही साधी तपासणी आहे. बाईला चार दवाखाने आणि सहा देवस्थाने फिरवण्याआधी नवऱ्याची ती एक तपासणी का होत नाही, याचे उत्तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी द्यावे.

नवे वीर्य तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणजे मुगाचे एक पीक. खाणे सुधारून, तंबाखू सोडून आठ दिवसांत फरक मागू नका. चाळिशीनंतर अडचण येत असेल तर आधी साखर आणि रक्तदाब तपासा, कधीकधी मधुमेहाची किंवा हृदयविकाराची ती पहिली खूण असते. भिंतीवरच्या नंबरवाल्यांच्या 'जडीबुटी'त इंग्रजी औषध मिसळलेले अनेकदा सापडले आहे. हृदयाच्या गोळ्या चालू असणाऱ्याच्या ते जिवावर बेतू शकते.

सरपंच आणि ग्रामपंचायतीचे अधिकारी हे वाचत असतील तर एक विनंती. खरीपपूर्व सभेला सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला बोलावता, तसे त्याच दिवशी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनाही बोलवा. पुरुषांची बैठक वेगळी घ्या. माती तपासणीचे नमुने आणि रक्तातल्या साखरेची, हिमोग्लोबिनची तपासणी एकाच मांडवात होऊ द्या.